मीरतचा खटला आणि कामगारपुढारी डांगे
(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात दिलेले भाषण)



या व्यासपीठावरून आपल्या ज्ञातीतील कर्त्या पुरुषांचे गुणगान पुष्कळदा झाले आहे, व ते योग्यच आहे. आज मात्र आम्ही ज्ञातीबाहेरच्या एका पुरुषाविषयी बोलणार आहो. आपल्यापैकी अनेकांच्या आजोबा-पणजोबांनी परळ-लालबागच्या चाळींत राहून गिरणीचे भोंगे ऐकले. त्या पिढीच्या भाकरीशी ज्यांच्या नावाचा संबंध आला, ते श्रीपाद अमृत डांगे हे आमच्या आजच्या भाषणाचे नायक होत.

डांग्यांचा जन्म 1899 साली नाशिक जिल्ह्यात झाला. 1921 साली ‘गांधी विरुद्ध लेनिन’ हे इंग्रजी पुस्तक लिहून व पुढच्याच वर्षी ‘सोशॅलिस्ट’ नावाचे साप्ताहिक काढून त्यांनी सरकारचे लक्ष वेधून घेतले. परिणाम व्हावयाचा तोच झाला. 1924 च्या कानपूर खटल्यात त्यांना चार वर्षांची सक्तमजुरी झाली. 1927 मध्ये ते सुटले आणि सरळ गिरणगावात आले.

त्या वेळी गिरणीमालकांनी नवी पद्धत आणली होती. दोन मागांच्या जागी तीन माग एकाच विणकराने सांभाळावे, म्हणजे माणसे कमी लागतील, असा तो हिशेब. ज्याचा माग गेला त्याने गावी परतून काय करावे, हे त्या हिशेबात कोठेच नव्हते. एप्रिल 1928 मध्ये संप सुरू झाला. सुमारे दीड लक्ष कामगार सहा महिने बाहेर राहिले. संप चालू असतानाच गिरणी कामगार युनियन स्थापन झाली. अध्यक्ष अर्जुन आत्माराम आळवे, जे स्वतः गिरणीत राबलेले, चिटणीस डांगे. ऑक्टोबरात तडजोड झाली आणि फॉसेट समिती नेमली गेली.

आपल्याकडे वडीलधारी माणसे सांगत, शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये. परंतु कोर्टच उठून दाराशी आले तर शहाण्याने काय करावे? 20 मार्च 1929 रोजी मुंबई, कलकत्ता आदी ठिकाणी धरपकड झाली आणि एकतीस जणांना मीरत येथे नेण्यात आले. डांगे, आळवे, घाटे, जोगळेकर, निंबकर, मिरजकर, कासले असे मुंबईचे किती तरी जण त्यांत होते. स्प्रॅट आणि ब्रॅडली हे दोन इंग्रजही होते. हचिन्सन नावाचा तिसरा इंग्रज मागाहून आला. आरोप कलम 121-अ चा, म्हणजे बादशहाचे हिंदुस्थानावरील सार्वभौमत्व हिरावून घेण्याच्या कटाचा.

मीरतच का, हा प्रश्न कोणासही पडेल. बहुतेकांचे कार्यक्षेत्र मुंबई व कलकत्ता. त्या शहरांत खटला चालता तर ज्यूरी बसवावी लागली असती. मीरतेत असेसरांवर काम भागत होते, आणि त्यांचे मत न्यायाधीशावर बंधनकारक नव्हते. कायद्याच्या पुस्तकात यात काही वावगे सापडणार नाही. आमच्या मते यातच सरकारचे खरे चातुर्य होते.

त्या खटल्याचा पसारा दिल्लीपर्यंत पोचला. एप्रिल 1929 मध्ये मध्यवर्ती विधिमंडळाचे अध्यक्ष विठ्ठलभाई पटेल यांनी निर्णय दिला की, मीरतचा खटला न्यायप्रविष्ट असता सार्वजनिक सुरक्षिततेच्या विधेयकावर चर्चा करता येणार नाही. तेव्हा व्हाइसरॉयने वटहुकूम काढून तेच काम उरकले. इकडे गिरणगावात त्याच महिन्यात पुन्हा सार्वत्रिक संप झाला. पुढारी गजाआड, तिजोरी रिकामी. तो संप फसला व युनियनचे बळ ओसरले. खटल्याचा निकाल लागण्यास पुढे तीन वर्षांहून अधिक काळ होता. निकालावाचूनच सरकारचे निम्मे कार्य साधले होते!

आरोपींनी मात्र न्यायालयाचीच शाळा केली. डांग्यांची जबानी छापील शेकडो पानांची भरली. 16 जानेवारी 1933 रोजी न्यायाधीश यॉर्क यांनी सत्तावीस जणांना दोषी ठरविले. मुझफ्फर अहमद यांना जन्मठेप काळे पाणी. डांगे, घाटे, जोगळेकर, निंबकर व स्प्रॅट यांना बारा वर्षे. नागपूरचे वृद्ध पुढारी ठेंगडी निकाल ऐकावयास उरले नव्हते. अपील मात्र अलाहाबाद हायकोर्टाने सात महिन्यांच्या आत निकालात काढले. 3 ऑगस्ट 1933 रोजी डांग्यांची बारा वर्षांची शिक्षा तीन वर्षांवर आली आणि आळवे व कासले निर्दोष सुटले. निर्दोष! अटकेपासून चार वर्षे चार महिने उलटल्यावर. त्या काळात त्यांच्या घरी चूल कशी पेटली असेल, हे गिरणी कामगाराच्या घरात वाढलेल्यांना सांगावयास नको.

डांगे 1935 साली सुटले. दुसऱ्या महायुद्धात पुन्हा कैद, 1957 मध्ये लोकसभा, संयुक्त महाराष्ट्राची चळवळ, हा भाग आपणांस ठाऊक आहे. त्यांचे सर्वच वर्तन आम्हांस मान्य आहे असे नाही. 1924 साली तुरुंगातून सरकारला लिहिलेली म्हणून काही पत्रे 1964 मध्ये प्रसिद्ध झाली. ती बनावट असल्याचे डांगे म्हणाले. तो वाद पक्षाच्या फुटीस एक निमित्त ठरला. आणीबाणीस त्यांनी दिलेला पाठिंबाही आम्हांस रुचला नाही. 1981 साली त्यांच्याच पक्षाने त्यांना काढले आणि 1991 मध्ये ते निवर्तले.

त्यांच्या पत्नी उषाताई यांनीही गिरणीतील बायांमध्ये काम केले. ‘पण ऐकतं कोण?’ हे त्यांचे आत्मचरित्र आपल्या मंडळाच्या वाचनालयात नाही. चिटणिसांनी ते मागवावे, आणि प्रथम भगिनींना वाचावयास द्यावे, अशी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.