शिक्षा संपते केव्हा?

शिक्षा भोगून आलेला माणूस पुन्हा पूर्ण नागरिक होतो काय? अमेरिकेतील फ्लॉरिडा राज्यात या प्रश्नाचे उत्तर दीर्घकाळ नकारार्थीच होते. १८६८ च्या राज्यघटनेपासून गंभीर गुन्ह्याबद्दल दोषी ठरलेल्याचा मताधिकार शिक्षेनंतरही गेलेलाच राही. तो परत देणे हा राज्यपाल व त्यांचे मंत्रिमंडळ यांच्या मर्जीचा भाग असे.

नोव्हेंबर २०१८ मध्ये ६४ टक्क्यांहून अधिक मतदारांनी घटनादुरुस्तीस कौल दिला. खून व लैंगिक गुन्हे वगळता, शिक्षेच्या सर्व अटी पुऱ्या करणाऱ्यास मताधिकार मिळावा, असे तीत म्हटले होते. परंतु २०१९ साली विधिमंडळाने 'सर्व अटी' या शब्दांत दंड, न्यायालयीन शुल्क आणि नुकसानभरपाई यांचाही समावेश केला. सप्टेंबर २०२० मध्ये संघीय अपील न्यायालयाने तो कायदा वैध ठरविला.

खरी मेख येथेच आहे. या देण्यांची एकत्रित नोंद राज्यापाशी नव्हती. आपण किती देणे लागतो, हेच अनेकांना कळेना. आणि न कळता मत द्यावे, तर नव्या खटल्याचे भय! ज्याच्या गाठीस पैसा, त्याची शिक्षा संपली. निर्धनाची मात्र संपेना.

भारतात १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यानुसार कैद्याला तुरुंगात असेपर्यंत मतदान करता येत नाही. सुटकेनंतर, निवडणूकविषयक काही गुन्हे सोडल्यास, तो अडसर उरत नाही. तेथे देण्याचा हिशेब कोणी मागत नाही. न्यायाधीशाने शिक्षेला मुदत घातली असेल, तर मतपेटीनेही ती मुदत मानली पाहिजे.