बिघडलेला घरचा संगणक : दुरुस्तीआधीची दोन पथ्ये

(संस्थेच्या वार्षिक समारंभात पालक व विद्यार्थ्यांपुढे केलेले भाषण)



या व्यासपीठावर दरवर्षी विद्वान मंडळी बोलतात. यंदा आपण एका दुरुस्ती करणाऱ्या माणसाला बोलावलेत, याबद्दल मी आपला आभारी आहे. माझे दुकान खोपटला, एस.टी. आगारापासून चालत पाच मिनिटांवर आहे. दुकान म्हणजे तरी काय, एक टेबल, एक दिवा आणि फळ्यांवर मांडलेली उघडी यंत्रे. माझ्यापाशी मोठी पदवी नाही. परंतु वीस वर्षे लोकांच्या घरचे संगणक उघडून पाहिल्यावर ज्या गोष्टी ध्यानात आल्या, त्या आपल्यापुढे ठेवाव्यात एवढाच माझा हेतू आहे.

1984 साली केंद्र सरकारने 'क्लास' नावाचा प्रकल्प सुरू केला आणि देशातील निवडक शाळांत बीबीसी मायक्रो हे संगणक पोहोचले. तेव्हा संगणक ही लांबून पाहण्याची वस्तू होती. 2001 साली एमएस-सीआयटीचा अभ्यासक्रम आला आणि गावोगावी वर्ग निघाले. आज आपल्या वस्तीत कितीतरी घरी संगणक आहे. बहुधा तो नवा नसतो. एखाद्या कार्यालयाने काढून टाकलेला, हातावर पोट असलेल्या माणसाने मुलांच्या शिक्षणासाठी घेतलेला असतो. तो बंद पडला की घरात आजारपण आल्यासारखे वातावरण होते. म्हणून त्याची दुरुस्ती हा विषय मला शिक्षणाचाच विषय वाटतो.

प्रथम माझी एक चूक सांगतो. दुकान सुरू करून वर्षही झाले नव्हते. एक वयस्कर गृहस्थ संगणक घेऊन आले. विंडोज उघडत नव्हती. मी हुशारी दाखवली, हार्ड डिस्क फॉरमॅट केली, विंडोज नव्याने टाकली आणि दोन तासांत यंत्र चालू करून दिले. त्यांनी पडद्याकडे पाहिले आणि विचारले, "आणि फोटो?" त्यांच्या मरहूम पत्नीचे सगळे फोटो त्या डिस्कवर होते. दुसरी प्रत कुठेच नव्हती. आपल्याकडून पुसला गेलेला मजकूर पुष्कळदा परत काढता येतो, कारण डिस्कवरची जागा दुसऱ्या मजकुराने भरेपर्यंत तो तेथेच असतो. पण मी त्याच जागेवर नवी विंडोज आणि आणखी दहा प्रोग्रॅम टाकून ठेवले होते. शोधाशोध करून जे सापडले, त्यात अर्धी-मुर्धी चित्रे होती, एकही चेहरा धड नव्हता. ते भांडले नाहीत. जाताना एवढेच म्हणाले, "तू विचारलं असतंस तर सांगितलं असतं, बेटा."

मित्रहो, यंत्र मी दुरुस्त केले होते, पण त्यांचे काम मात्र मी बिघडवले होते. त्या दिवसापासून मी दोन पथ्ये पाळतो. पहिले : आधी आतला मजकूर वाचवायचा, मग यंत्राला हात लावायचा. दुसरे : एका वेळी एकच बदल करायचा आणि तो वहीत लिहायचा.

दुसऱ्या पथ्याचा उपयोग कसा होतो, हे गेल्या पावसाळ्यातील एका उदाहरणावरून सांगतो. आपल्याच परिसरातील एक विद्यार्थिनी तिच्या अम्मीबरोबर संगणक घेऊन आली. तिचा कॉलेजचा प्रकल्प त्यात होता आणि अम्मीच्या शिवणकामाचा सगळा हिशेबही त्यातच होता. दोन ठिकाणी दाखवून झाले होते. दोन्हीकडे सांगण्यात आले, "मदरबोर्ड गेला, नवा घ्या."

मी आधी फक्त पाहिले आणि ऐकले. बटण दाबल्यावर दिवा लागत होता, पंखा फिरत होता, पण पडदा काळा. म्हणजे वीज आत पोहोचत होती. काहीच हालचाल नसती, तर भिंतीचा प्लग, एक्स्टेंशन बोर्ड, वायर आणि एसएमपीएस या क्रमाने तपासावे लागले असते. आपल्या घरात 230 व्होल्ट येतात, त्यांतून संगणकाला लागणारे 12, 5 आणि 3.3 व्होल्ट तयार करण्याचे काम एसएमपीएस करतो. तो डबा मात्र घरी कोणी उघडू नये. वीज बंद केल्यानंतरही त्यातील कपॅसिटरमध्ये जीवघेणा भार राहू शकतो.

मग मॉनिटरची केबल संगणकाकडून काढली. 'सिग्नल नाही' अशी पाटी पडद्यावर आली, म्हणजे मॉनिटर जिवंत होता. त्यानंतर वीज पूर्ण बंद करून, कॅबिनेटच्या धातूला हात लावून अंगातील स्थिर वीज घालवली आणि रॅमची पट्टी बाहेर काढली. रॅमशिवाय यंत्र सुरू केले, तेव्हा ते लांब सुरात बीप करू लागले. मी त्या मुलीला म्हटले, "बेटी, हा मदरबोर्ड मेलेला नाही. मेलेला तक्रार करीत नाही. रॅम कुठे आहे, असे तो विचारतो आहे." तिच्याच कंपासपेटीतील खोडरबराने पट्टीचे सोनेरी दात हलक्या हाताने पुसले. आपल्याकडच्या दमट हवेने त्यांवर थर बसला होता. पट्टी शेजारच्या खाचेत बसवली. पडदा उजळला.

तरीही इंटरनेट चालेना. प्रत्येक पान 'सुरक्षित नाही' असे सांगू लागले. आता व्हायरस आहे म्हणून घाबरायचे का? मी कोपऱ्यातील तारीख पाहिली. यंत्र कित्येक वर्षे मागे गेले होते. प्रत्येक सुरक्षित संकेतस्थळाच्या प्रमाणपत्राला एक मुदत असते. घरचे घड्याळच चुकले की मुदतीचा हिशेब चुकतो आणि यंत्र खऱ्यालाही खोटे ठरवते. मदरबोर्डवर नाण्याएवढा 3 व्होल्टचा एक सेल असतो, सीआर 2032. वीज नसताना घड्याळ त्यावर चालते. तो बदलला, तारीख लावली, इंटरनेट सुरू झाले. नव्या मदरबोर्डच्या जागी एक खोडरबर आणि एक सेल, एवढ्यावर काम भागले. रॅम, सेल आणि केबल मी एकदमच बदलली असती, तरी यंत्र चालू झाले असते. पण दोष कशात होता, हे ना मला कळले असते, ना त्या मुलीला. तिने हे सगळे वहीत लिहून घेतले. पुढच्या वेळी ती माझ्याकडे येणार नाही, याचा मला आनंद आहे.

आणखी काही लक्षणे सांगतो. संगणक दहा-पंधरा मिनिटांनी आपोआप बंद पडत असेल, तर आधी उष्णतेचा संशय घ्यावा. पंख्यात धुळीची गादी बसलेली असते. यंत्र बंद करून मऊ ब्रशने ती काढावी. कॅबिनेटला हात लावताच झिणझिण्या येत असतील, तर यंत्र वापरू नये, आधी वायरमनकडून घराचे अर्थिंग तपासून घ्यावे. पेनड्राइव्हमधील सर्व फोल्डर अचानक शॉर्टकट होऊन बसले, तर फॉरमॅट करू नये. मूळ फायली बहुधा तेथेच असतात, व्हायरसने त्या फक्त लपवलेल्या असतात. स्वच्छ संगणकावर त्या दिसत्या करून उतरवून घेता येतात.

आणि डिस्कमधून टकटक असा आवाज येऊ लागला, तर ताबडतोब थांबावे. 'पुन्हा एकदा चालू करून बघू' या हट्टात डिस्क कायमची जाते. मजकूर मोलाचा असेल, तर ती तशीच बंद ठेवून तज्ज्ञाकडे न्यावी. आवाज नाही, केवळ विंडोज उघडत नाही, असे असेल तर मार्ग सोपा आहे. पेनड्राइव्हवर उबुंटूसारखी लिनक्स प्रणाली फुकट उतरवून घेता येते. संगणक त्या पेनड्राइव्हवरून सुरू करावा, आतले फोटो, प्रकल्प, हिशेब दुसऱ्या डिस्कवर उतरवावेत आणि मगच विंडोजची दुरुस्ती हाती घ्यावी. नव्या लॅपटॉपमध्ये डिस्कला पुष्कळदा कुलूप असते आणि त्याची किल्ली, म्हणजे रिकव्हरी की, बहुधा आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्यात असते. म्हणून त्या खात्याचा पासवर्ड घरातील दोघांना तरी ठाऊक असावा. आणखी एक सावधगिरी : एसएसडी प्रकारच्या डिस्कवरून पुसलेला मजकूर बहुधा परत मिळत नाही.

मेला म्हणून टाकून दिलेला संगणक मेलेला नसतो, याचा मोठा दाखला 1999 साली जगाला मिळाला. तैवानमधील एका विद्यार्थ्याने लिहिलेला सीआयएच नावाचा व्हायरस 26 एप्रिलला जागा झाला. चेर्नोबिलच्या अणुभट्टीचा अपघात 1986 साली याच तारखेस झाला होता, म्हणून लोक त्याला चेर्नोबिल व्हायरस म्हणू लागले. आशियातील असंख्य संगणक त्या दिवशी सुरूच झाले नाहीत. तो डिस्कचा आरंभीचा थोडासा भाग खरडून टाकी आणि काही यंत्रांत बायोसच्या चिपमधील मजकूरही पुसून टाकी. ज्यांनी घाईने फॉरमॅट केले, त्यांचे सर्व गेले. ज्यांनी धीर धरला, त्यांच्यापैकी अनेकांना कळले की नुकसान आरंभीच्या त्या भागापुरते आहे, पुढचा मजकूर बराचसा शाबूत आहे. बायोसची चिप नव्याने भरून किंवा बदलून मदरबोर्डही चालू करता आले.

दुसरा दाखला आपल्या घरचा. 26 जुलै 2005. सांताक्रूझला चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस झाला आणि ठाणे-कल्याण-बदलापूरच्या पट्ट्यातही हाहाकार उडाला. मी त्या वेळी शिकाऊ होतो. नंतरच्या पंधरवड्यात चिखलाने भरलेले संगणक रांगेने येत होते. त्यांत दोन प्रकार होते. काहींनी वरून फडक्याने पुसून उत्सुकतेने बटण दाबले होते. ती यंत्रे बहुतेक जळालेली निघाली. काहींनी हात लावला नव्हता. गाळ धुऊन, पूर्ण सुकवून, एकेक भाग तपासल्यावर त्यांतील काही चालू झाली. बंद यंत्र पाण्यात भिजले, तर आशा राहते. ओल्या यंत्रात वीज सोडली, की ती संपते. पावसाळ्यात तळमजल्यावर राहणाऱ्यांनी कॅबिनेट जमिनीवर ठेवू नये, ही साधी गोष्ट तेव्हा शिकलो.

आजचा प्रश्न वेगळा आहे. 14 ऑक्टोबर 2025 रोजी विंडोज 10 चा सर्वसाधारण आधार संपला. विंडोज 11 ला टीपीएम 2.0 ही सुरक्षेची सोय लागते, ती अनेक जुन्या यंत्रांत नाही. म्हणून चांगली चालणारी यंत्रे भंगारात निघत आहेत. परंतु त्याच यंत्रात जुन्या हार्ड डिस्कऐवजी एसएसडी बसवली, रॅम थोडी वाढवली आणि लिनक्स टाकली, तर मुलाचा अभ्यास, टायपिंग, प्रोग्रॅमिंग आणि इंटरनेट यांसाठी ते आणखी काही वर्षे सुखाने चालते. भंगारवाल्याला देण्याआधी एकदा विचार करावा.

शेवटी संस्थेकडे एक विनंती. संस्थेच्या एखाद्या खोलीत रविवारी सकाळी एक टेबल मिळावे. पालकांनी बिघडलेले संगणक आणावेत, विद्यार्थ्यांनी माझ्या देखरेखीखाली ते उघडावेत आणि प्रत्येक यंत्रामागे वहीत एक पान लिहावे : काय लक्षण, काय तपासले, काय बदलले, काय झाले. मी मोबदला घेणार नाही. त्या वहीच्या प्रत्येक पानावर पहिला रकाना मात्र मी सांगेन तो असेल : "या यंत्रात आपले काय आहे, ते मालकाला विचारले का?"

आणि पालकांना एकच सांगणे. आज घरी गेल्यावर ज्या फायली गेल्या तर रडू येईल, त्या वेगळ्या काढा. त्यांची एक प्रत दुसऱ्या डिस्कवर ठेवा आणि एक घराबाहेर, नातेवाइकाकडे किंवा इंटरनेटवरील साठ्यात. यंत्र मी दुरुस्त करून देऊ शकतो. त्या वयस्कर चाचांचे फोटो मला आजही परत देता आलेले नाहीत.