जुन्या संगणकाची शुश्रूषा

(संस्थेच्या तांत्रिक विभागातील विद्यार्थ्यांसमोर केलेले भाषण)



नव्या यंत्रांविषयी बोलणारे तुम्हांला पुष्कळ भेटतील. मी आज म्हाताऱ्या यंत्राविषयी बोलणार आहे. कचेरीच्या कोपऱ्यात वर्षानुवर्षे रात्रंदिवस चालणारा एखादा सर्व्हर तुमच्यापैकी कुणाच्या तरी पदरी पडणारच.

तो टाकून नवा का घेत नाहीत, असे तुम्ही विचाराल. त्यावरची आज्ञावली त्याच यंत्रासाठी लिहिलेली असते आणि लिहिणारे केव्हाच निघून गेलेले असतात. अमेरिकेसारख्या धनाढ्य देशाचीही यातून सुटका झाली नाही. तेथील सरकारी लेखापरीक्षकांच्या २०१६ च्या अहवालात नमूद आहे की, अण्वस्त्रदलांना संदेश पोचविणारी एक यंत्रणा १९७० च्या दशकातील आयबीएम सिरीज-वन संगणकावर आणि आठ इंची फ्लॉपींवर चालत होती. त्या फ्लॉपी २०१९ मध्ये बदलल्या गेल्या.

यंत्राचे म्हातारपण कुठे दिसते? पहिले, वीजपुरवठ्याच्या पेटीत. तेथील इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर आतून वाळत जातात. ढोबळ हिशेब असा की, तापमान दहा अंशांनी उतरले तर त्यांचे आयुष्य दुप्पट होते. म्हणून खोली थंड ठेवणे ही चैन नव्हे. धूळ फुंकताना पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवा, नाही तर ते भलत्या वेगाने फिरून बिघडते. तारीख-वेळ सांभाळणारी छोटी बॅटरी संपण्याआधी बदला. असा सर्व्हर इंटरनेटला मात्र जोडू नका. त्याच्या दारांना आता कुणी नवी कुलपे पाठवीत नाही.

सर्वांत नाजूक वस्तू म्हणजे डिस्क. अखंड फिरत असते तोवर ती फिरते. थांबून गार झाली की पुन्हा उठेलच असे नाही. हे मी पुस्तकात नव्हे, अनुभवाने शिकलो.

एका कचेरीत मी नवाच लागलो होतो. कर्मचाऱ्यांच्या भविष्यनिर्वाह निधीचे सारे हिशेब एका जुन्या सर्व्हरवर होते. एकदा वीज दीड दिवस गेली. परत आल्यावर मी बटण दाबले. यंत्र सुरू झाले, पण त्याला डिस्क सापडेना. दर आठवड्याच्या टेपा कपाटात ओळीने लावलेल्या होत्या, त्यावर मी निर्धास्त होतो. परंतु त्या घेणारा टेप-ड्राइव्ह नुकताच मोडला होता. त्याच जातीचा दुसरा आणला, तर तो एकही टेप वाचीना. जुन्या ड्राइव्हचे हेड सरकलेले होते; त्याचे लिहिलेले फक्त त्यालाच वाचता येत होते. इतक्या वर्षांत एकही टेप दुसरीकडे वाचून पाहिली गेली नव्हती. दोनशे माणसांच्या आयुष्यभराच्या कपातीचा प्रश्न होता. मला घाम फुटला.

शेवटी निवृत्त तंत्रज्ञांना घरून बोलावले. सगळे त्यांना चाचा म्हणत. त्यांनी आपली जुनी वही मागवली, एक पान काढले आणि म्हणाले, "बेटा, आधी डिस्कची पेटी, मग यंत्र. तू एकदम दोन्ही लावलीस." तसे केले, तरीही डिस्क गप्प. चाचांनी पेटीला कान लावला. मोटर कण्हत होती, तबकडी हलत नव्हती. त्यांनी डिस्क बाहेर काढून सपाट धरली, मनगटाने एकदाच झटका देऊन फिरवली आणि परत जोडली. ती घरघरत उठली. (हा उपाय शेवटचा आहे, मित्रहो, घरी करून पाहू नका!)

"आता बंद करायची नाही," चाचा म्हणाले. आम्ही रात्रभर बसून एकेक फाईल दुसऱ्या संगणकावर उतरवली आणि तेथे उघडून पाहिली. सकाळी साडेसहाला शेवटची उतरली. चाचांनी वहीत तारीख घातली, घडले ते चार ओळींत लिहिले, आणि खाली सही मला करायला लावली.