लहान शहर आणि त्याची बाग



आमच्या गांवच्या एका सभेंत मागें एका सद्गृहस्थांनीं विचारलें, “अहो, चहूंकडे शेतें आहेत, नदी आहे, टेकडी आहे; मग बागेची एवढी हौस कशाला? बाग ही मुंबई-पुण्याच्या लोकांची गरज.” गृहस्थ विचारी होते, आणि सभेंतील बऱ्याच मंडळींनीं मानाही डोलावल्या. मला त्या वेळीं नीट उत्तर सुचलें नाहीं. मागाहून जें सुचलें तें आज आपल्यापुढें मांडतों. मात्र त्यासाठीं आपल्याला प्रथम बरेंच दूर, स्कॉटलंडांत, घेऊन जावें लागेल.

तेथें डनफर्मलिन नांवाचें एक जुनें गांव आहे. एके काळीं तेथें राजे राहत. रॉबर्ट ब्रूस या प्रसिद्ध राजाचें दफन तेथल्याच मठांत झालें. पुढें राजवैभव गेलें आणि गांव विणकरांचें झालें. आजही त्याची वस्ती पन्नास-साठ हजारांच्या घरांत आहे, आणि ‘शहर’ ही पदवी त्याला अधिकृतपणें मिळाली ती २०२२ सालीं. मठाला लागून पिटनक्रीफ नांवाची दाट झाडीची एक घळ आहे. तिच्यांतून ओढा वाहतो, आणि राजाच्या जुन्या गढीचे अवशेष तेथेंच झाडींत उभे आहेत. ही घळ एका जमीनदाराच्या मालकीची होती. मठाच्या अवशेषांवर गांवकऱ्यांचा हक्क आहे, असें म्हणून त्याच्याशीं भांडणाऱ्यांत मॉरिसन नांवाचें एक घराणें पुढें होतें. वर्षांतून एक दिवस जमीनदार आपली वाडी गांवाला खुली करी. पण मॉरिसनांपैकीं कोणालाही आंत सोडावयाचें नाहीं, असा त्याचा सक्त हुकूम असे. या घराण्याच्या मुलीचा मुलगा, एका गरीब विणकराचा पोर, अर्थातच बाहेर राही. सवंगडी आंत आणि आपण भिंतीबाहेर, ही गोष्ट त्याच्या मनाला लागली. १८४८ सालीं, वयाच्या तेराव्या वर्षीं, तो आईबापांबरोबर अमेरिकेला गेला. त्याचें नांव अँड्र्यू कार्नेगी.

पोलादाच्या धंद्यांत त्यानें किती संपत्ति मिळविली हें आपणांस ठाऊकच आहे. ती मिळवितांना मजुरांशीं त्याचें वर्तन कसें होतें हेंही विसरून चालणार नाहीं. १८९२ सालीं त्याच्या होमस्टेड येथील कारखान्यांत संपाच्या वेळीं रक्त सांडलें होतें. पण मनुष्याच्या हातून एकाच आयुष्यांत दोन्ही प्रकारचीं कामें होतात. १९०२ सालीं त्यानें ती सबंध वाडी विकत घेतली आणि १९०३ सालीं गांवाला देऊन टाकली. सुमारें ७६ एकर! शिवाय तिच्यासाठीं आणि गांवाच्या सुधारणेसाठीं पंचवीस लाख डॉलरांचा निधि विश्वस्तांच्या हातीं ठेवला. आज त्या बागेंत मोर मोकळे हिंडतात, आणि गांवांतल्या रस्त्यांवरही येतात. आपल्या मोराचें तेथील थंडींत कसें भागतें कोण जाणे. पण भागतें खरें.

आतां या गोष्टीचा दुसरा भाग. पैसा आला, जमीन आली. मग बाग आंखावयाची कशी? विश्वस्तांनीं दोघांना नकाशे करावयास सांगितलें. त्यांपैकीं एक पॅट्रिक गेडीस. धंद्यानें हे गृहस्थ वनस्पतिशास्त्राचे अध्यापक, आणि वृत्तीनें कोणत्याच एका शास्त्राच्या चौकटींत न मावणारे. विश्वस्तांना हवा होता बागेचा आराखडा. गेडीसनीं १९०४ सालीं त्यांच्या हातीं एक जाडजूड ग्रंथच ठेवला. बागेंतला ओढा स्वच्छ करावयाचा तर गांवांतून येणारी घाण अडवली पाहिजे. घाण अडवावयाची तर गांवाची घडीच तपासली पाहिजे. बाग म्हणजे गांवाच्या कडेला ठेवलेली फुलदाणी नव्हे, असा त्यांचा एकंदर रोख. विश्वस्त घाबरले! ग्रंथ बाजूला ठेवला गेला, आणि ती योजना कधींच अंमलांत आली नाहीं.

परंतु गेडीसना मोठ्या बागेपेक्षां लहान जागेचें अधिक प्रेम होतें. लग्न झाल्यावर १८८६ सालीं ते पत्नीसह एडिंबरोच्या जुन्या वस्तींतील एका जुनाट चाळींत मुद्दाम राहावयास गेले. शेजारच्यांना बरोबर घेऊन त्यांनीं भिंती रंगविल्या, आणि खिडक्यांतून फुलझाडें लावलीं. पुढें त्यांच्या मंडळींनीं त्या जुन्या वस्तीची मोजदाद केली. पडक्या घरांच्या जागा, उकिरडे, दोन भिंतींमधल्या बखळी, अशा सुमारें ७५ जागा सांपडल्या. मिळून दहा एकरांच्या आसपास जमीन. जेथें एक हातभरही मोकळी जागा नाहीं असें सारे म्हणत, त्या गजबजाटांत दहा एकर! त्यांतल्या कांहीं जागांवर त्यांच्या कन्येच्या देखरेखीखालीं छोट्या बागा झाल्या, आणि शाळेंतल्या मुलांनीं त्या राखल्या.

१९१४ सालीं गेडीस हिंदुस्थानांत आले. नगररचनेवरचें त्यांचें प्रदर्शन ज्या जहाजांतून येत होतें तें जहाज एमडेन या जर्मन लढाऊ नौकेनें बुडविलें. वर्षांनुवर्षांचा संग्रह समुद्रतळाशीं गेला. मित्रांनीं नवें साहित्य जमवून पाठविलें आणि १९१५ च्या आरंभीं मद्रासला प्रदर्शन भरलेंही. त्यानंतर पुष्कळ शहरांसाठीं त्यांनीं अहवाल लिहिले. बडोद्याचा १९१६ चा आणि इंदूरचा १९१८ चा दोन खंडांतला हे आपल्या विशेष जिव्हाळ्याचे. १९१९ सालीं मुंबई विद्यापीठानें समाजशास्त्राचें नवें आसन त्यांना दिलें. मालवणचे गोविंद सदाशिव घुर्ये, जे पुढें या शास्त्राचे थोर आचार्य झाले, त्यांची पहिली पारख गेडीसनींच केली.

इंदूरची हकीकत तर सांगण्यासारखीच आहे. शहरांत प्लेगचा उपद्रव होता, आणि गेडीस नकाशे घेऊन गल्लोगल्लीं हिंडत तेव्हां लोक त्यांच्याकडे संशयानें पाहत. हा गोरा आपलीं घरें पाडावयास आला आहे, अशी समजूत. तेव्हां त्यांनीं दरबाराकडून दिवाळीचा एक दिवस मागून घेतला. दवंडी पिटविली कीं यंदाची मिरवणूक नेहमींच्या मार्गानें जाणार नाहीं. ज्या रस्त्यावर जास्तींत जास्त घरें झाडून, डागडुजी करून, रंगवून निघतील त्या रस्त्यानें जाईल. मग काय! पेठापेठांत चुरस लागली. गाड्या भरभरून कचरा बाहेर पडला. मिरवणुकींत हत्ती होते, लक्ष्मी होती, प्लेगच्या उंदराचें अवाढव्य सोंग होतें; आणि झाडूवाल्यांनाही मानानें चालविलें होतें. शेवटीं शेवटीं कुंड्यांनीं भरलेल्या गाड्या आल्या, आणि त्यांतून घरोघर वाटावयाचीं तुळशीचीं रोपें. बागेचा आरंभ कोठून करावा, हें त्या परक्या माणसाला आपल्या अंगणांत बरोबर दिसलें होतें.

घरें पाडून रुंद सडक काढण्याच्या इंजिनिअरी शौकाला गेडीस कडाडून विरोध करीत. ते म्हणत, अंग राखून शस्त्रक्रिया करा. एखादें पडकें घर उचला, तेथें एक झाड लावा, त्याला ओटा बांधा. वाड्यांची ओळ आहे तशी राहूं द्या. डांसांच्या भयानें तळीं बुजवूं नका, त्यांत मासे सोडा. हें वाचतांना मला आपला ‘पार’ आठवतो. वडाभोंवतीं दगडी ओटा बांधणाऱ्या आपल्या पूर्वजांनीं कोणत्याही पाठशाळेंत नगररचना शिकली नव्हती. पण दुपारीं वाटसरूनें आणि संध्याकाळीं म्हाताऱ्यांनीं बसावयाचें कोठें, हा प्रश्न त्यांनीं सोडविला होता. बडोद्याला विश्वामित्रीच्या कांठीं १८७९ सालीं झालेल्या कमाठी बागेसारखी शंभर एकरांवरची बाग प्रत्येक गांवाच्या नशिबीं नसते. पार मात्र प्रत्येक आळीला परवडतो.

आजच्या लहान शहरांत काय चाललें आहे? विकास आराखड्यांत बागेच्या जागा राखून ठेवलेल्या असतात. नकाशा पाहिला तर मन प्रसन्न होतें. पण महाराष्ट्राच्या १९६६ च्या नगररचना कायद्यांत १२७ वें कलम आहे. आराखडा अंमलांत आल्यापासून दहा वर्षांत ती जमीन संपादन झाली नाहीं, तर मालक नोटीस देऊं शकतो. आणि नंतरच्या मुदतींत, जी २०१५ पासून चोवीस महिन्यांची आहे, नगरपालिकेनें पावलें उचललीं नाहींत तर आरक्षण रद्द होतें. कायदा अन्यायाचा आहे असें मी म्हणणार नाहीं. कोणाची जमीन जन्मभर अडकवून ठेवणें हा कोठला न्याय? परंतु त्या दहा वर्षांत नागरिकांनीं एकदांही तो नकाशा उघडून पाहूं नये, हें मात्र माझ्या समजुतीबाहेरचें आहे. मी स्वतःही पाहिला नव्हता. आमच्या आळीमागें अशीच एक जागा होती. आम्ही तेथें विटीदांडू खेळलों. नोटीस आली केव्हां, मुदत सरली केव्हां, कोणाला पत्ता नाहीं. आज तेथें चार मजली इमारत आहे, आणि तिच्या नांवांत ‘गार्डन’ हा शब्द आहे!

ज्या बागा होतात त्यांचीही तऱ्हा पाहा. निम्मी जागा फरशीला, उरलेली हिरवळीला. आणि हिरवळीला उन्हाळ्यांत जें पाणी लागतें तें गांवाला प्यावयासही पुरत नाहीं. झाडें लावावयाचीं तीं मादागास्करचा गुलमोहोर आणि दक्षिण अमेरिकेचा पर्जन्यवृक्ष. दोन्ही देखणे, नाहीं म्हणत नाहीं. पण गुलमोहोर चैत्रांत पानें गाळून उभा असतो, आणि त्याच वेळीं आपला करंज, आपला कडुनिंब कोंवळ्या पालवीनें भरून येतात. सावली हवी असते नेमकी तेव्हां. १९७५ च्या वृक्षसंरक्षण कायद्याप्रमाणें शहरांतल्या झाडांची दर पांच वर्षांनीं गणती व्हावयास पाहिजे; आपल्या नगरपालिकेंत जाऊन शेवटची गणती केव्हां झाली एवढें विचारून पाहा.

त्या सद्गृहस्थांना द्यावयाचें उत्तर तें हेंच. शेतें चहूंकडे आहेत, पण प्रत्येक शेत कोणाचें तरी आहे. टेकडी आहे, पण गुडघे दुखणाऱ्या आजीला ती नाहीं. नदीकांठीं आतां कुंपणें आहेत. डनफर्मलिनच्या त्या पोराभोंवतींही शेतें होतींच कीं!

गेल्या वैशाखांत मी दुपारीं दोनच्या सुमारास आमच्या बागेवरून येत होतों. बाग सकाळीं नऊपर्यंत आणि संध्याकाळीं चारनंतर उघडी असते. मधल्या वेळीं फाटकाला कुलूप. आंत बकुळीखालचे बांक रिकामे होते. बाहेर, कुंपणाबाहेर पडलेल्या सावलीच्या दोन हात पट्ट्यांत, एक भाजीवाली पाटी बाजूला ठेवून अंग चोरून बसली होती. सावली सरके तशी तीही सरकत होती. मीं आंतल्या रखवालदाराला हांक मारली आणि कुलूप काढतां येईल का म्हणून विचारलें. तो भला माणूस म्हणाला, “काढलं असतं साहेब, पण वेळेचा बोर्ड आहे ना.” मग त्यानें आंतून पाण्याचा तांब्या भरून आणला आणि गजांमधून तिच्या हातीं दिला.