भय नको, विवेक हवा

(समुद्रपूर येथे दिलेल्या व्याख्यानाचा संपादित अंश)



आज आपला भ्रमणध्वनी ज्या सूक्ष्मलहरींवर चालतो, त्यांच्या आद्य संशोधकांत आचार्य जगदीशचंद्र बसू यांचे नाव अभिमानाने घ्यावे लागते. १८९५ साली कोलकात्यात त्यांनी तारेविना दूरची घंटा वाजवून दाखविली. त्याच लहरींविषयी आज घरोघरी शंका आहे. गावात मनोरा उभा राहिला की ‘चिमण्या गेल्या, आता माणसाच्या मेंदूची पाळी’ अशी कुजबुज सुरू होते. लोक कार्यकर्त्याला विचारतात. त्याने काय सांगावे?

प्रथम प्राण्यांवरील प्रयोग पाहू. दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठातील प्रा. बिहारी व त्यांच्या सहकाऱ्यांना २०१० साली २.४५ गिगाहर्ट्झ लहरींत ठेवलेल्या उंदरांच्या मेंदूपेशींत गुणसूत्रद्रव्याचे तुटलेले धागे आढळले. त्याच वर्षी अमेरिकेतील फ्लोरिडात मात्र स्मृतिभ्रंशाची लक्षणे असलेल्या उंदरांची स्मृती अशा लहरींनी सुधारल्याचे दिसले! २०१८ मध्ये अमेरिकन शासनाच्या प्रदीर्घ प्रयोगात नर उंदरांच्या हृदयात गाठी झाल्याचा स्पष्ट, तर मेंदूतील गाठींचा काहीसा पुरावा मिळाला. पण लहरींत ठेवलेले हेच नर इतरांहून अधिक जगले. या उंदरांच्या सर्वांगावर रोज नऊ तास, सुमारे दोन वर्षे मारा होत होता. आपला वापर तसा नसतो. म्हणून ‘सिद्ध झाले’ म्हणणे जसे चूक, तसेच ‘काहीच नाही’ म्हणणेही चूक. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनेही २०११ साली या लहरींना ‘कदाचित कर्करोगकारक’ एवढेच म्हटले.

आता व्यवहाराचे सूत्र. अंतर दुप्पट झाले की लहरींची तीव्रता चौथाई होते. मनोरा दूर असतो. फोन कानाला चिकटलेला असतो. शिवाय संकेत क्षीण असला की फोन अधिक शक्तीने प्रक्षेपण करतो. म्हणजे मनोरा गावाबाहेर हाकलून आपण मेंदूजवळची लहर वाढवून घेऊ शकतो, हे ध्यानात घ्यावे.

शासन स्वस्थ बसलेले नाही. पक्षी व मधमाश्यांवरील परिणाम तपासण्यासाठी पर्यावरण मंत्रालयाने २०१० साली मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे डॉ. असद रहमानी यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. १ सप्टेंबर २०१२ पासून मनोऱ्यांसाठी आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक-दशांश इतकीच मर्यादा लागू झाली. २०१७ साली ‘तरंग संचार’ हे संकेतस्थळ आले, ते मनोऱ्यांची माहिती नागरिकांपुढे ठेवण्यासाठीच.

तेव्हा मनोऱ्याविषयी तक्रार असेल तर मोजणीची मागणी करावी, अफवेच्या आधारे मोर्चा काढू नये. एकदा खोटे ठरलेल्या कार्यकर्त्याचे खरे बोलणेही समाज ऐकत नाही. आणि आपल्या घरात? लांबलचक संभाषण कानाला यंत्र न लावता करावे, झोपताना ते उशाशी ठेवू नये, बालकांच्या हाती खेळणे म्हणून देऊ नये. संयम ही आपली जुनीच शिकवण आहे. तिला प्रयोगशाळेच्या निकालाची वाट पाहावी लागत नाही.