अपुऱ्या दिवसांचें मूल

जिंतूर तालुक्यांतील एखाद्या गांवीं अपुऱ्या दिवसांचें मूल रुग्णालयांतून घरीं आलें, कीं आई त्याच्या वजनाची चिंता वाहते, आजी त्याला उबेंत ठेवते. तें हातपाय कसें हालवितें, इकडे मात्र सहसा कोणी पाहत नाहीं. वास्तविक मेंदूच्या आरोग्याची पहिली खूण तेथेंच सांपडते.

ऑस्ट्रियन शास्त्रज्ञ हाइन्झ प्रेख्टल यांनीं ही खूण ओळखण्याची पद्धति घालून दिली. जागें व शांत मूल उताणें निजवावें. खेळणें न दाखवितां नुसतें पाहावें. तीन ते पांच महिन्यांच्या सुमारास निरोगी मुलाच्या मानेंत, धडांत व हातापायांत बारीक, चहूंदिशांस वळणारी चुळबुळ चाललेली असते. १९९७ सालीं ‘लॅन्सेट’मध्यें प्रसिद्ध झालेल्या १३० मुलांच्या अभ्यासांत अशी चुळबुळ असलेल्या ७० पैकीं ६७ मुलांची वाढ निकोप झाली, ती नसलेल्या किंवा विकृत असलेल्या ६० पैकीं ५७ मुलांत पुढें मेंदूचा पक्षाघात वा वाढींतील दोष आढळला.

मात्र हे महिने जन्मापासून नव्हे, प्रसूतीच्या अपेक्षित तारखेपासून मोजावयाचे. दोन महिने आधीं जन्मलेलें मूल पांच महिन्यांचें झालें, तरी या हिशेबानें तें तीनच महिन्यांचें. निर्णय अर्थात् शिकलेल्या डोळ्यांनींच द्यावा. आईनें मोबाईलवर तीन-चार मिनिटांचें चित्रण करून बालरोगतज्ज्ञांस दाखविल्यास तेवढें पुरतें. बसण्याचें वय उलटल्यावर परभणीस धांवण्यापेक्षां हीच वेळ साधावी. कोवळा मेंदू उपचारास अधिक वश असतो.