घरच्या सोयाबीन बियाण्याचा हिशेब मोबाइलवर



आपल्या बुलढाणा जिल्ह्यात चिखली, मेहकर, लोणार या भागांत सोयाबीनचा पेरा मोठा असतो. बियाणे उगवले नाही तर दुबार पेरणीची पाळी येते. २०२० च्या खरिपात अशा तक्रारी राज्यभर आल्या होत्या. घरचे बियाणे वापरताना उगवणशक्ती तपासणे म्हणूनच आवश्यक आहे.

ओल्या गोणपाटावर १०० दाणे दहा-दहाच्या ओळींत मांडावेत, गुंडाळी करून सावलीत ठेवावी, ओल टिकवावी आणि सहा-सात दिवसांनी चांगले कोंब मोजावेत. ७० किंवा अधिक दाणे उगवल्यास एकरी ३० किलो बियाणे पुरते. ६० ते ७० उगवल्यास बियाणे वाढवावे. त्यासाठी २१०० ला कोंबांच्या संख्येने भागावे. ६० कोंब असल्यास ३५ किलो येते. ६० पेक्षा कमी उगवल्यास ते बियाणे पेरू नये.

एवढा हिशेब करणारे ॲप आपल्या घरातील मुलगा किंवा मुलगी स्वतः तयार करू शकते. त्यासाठी संगणकाची भाषा शिकावी लागत नाही. 'ॲप इन्व्हेंटर' हे मोफत साधन गुगलने २०१० मध्ये खुले केले. २०१२ पासून अमेरिकेतील एम.आय.टी. ही संस्था ते चालवते. मुंबईच्या धारावीतील मुलींनी याच साधनाने नळावरील पाण्याच्या रांगेसाठी ॲप तयार केले. २०१६ मध्ये त्याच्या बातम्या आल्या होत्या.

कृती सोपी आहे. इंटरनेट असलेल्या संगणकावर हे साधन उघडावे. पहिल्या पडद्यावर कोंबांची संख्या लिहिण्याचा रकाना, एक बटन आणि उत्तराची जागा मांडावी. त्यावरील सूचना मराठीत लिहिता येतात. दुसऱ्या पडद्यावर रंगीत ठोकळे असतात. 'बटन दाबले की', 'जर', 'तर', 'भागाकार' अशा अर्थाचे ठोकळे एकमेकांत अडकवावेत. न जुळणारा ठोकळा बसतच नाही. तयार ॲप अँड्रॉइड मोबाइलवर घेतल्यावर असा साधा हिशेब शेतात रेंज नसतानाही होतो.

मात्र एक गोष्ट लक्षात ठेवावी. ठोकळे नीट बसले म्हणजे हिशेब बरोबर झाला, असे नाही. केवळ भागाकाराचा ठोकळा लावल्यास ९० कोंबांना ॲप २३ किलो सांगेल आणि पेरा विरळ होईल. ५० कोंबांना ते ४२ किलो सांगून टाकेल. मुळात ते बियाणे पेरायचेच नाही! म्हणून ६० च्या खाली 'पेरू नये' आणि ७० च्या वर '३० किलो' या दोन अटी 'जर'च्या ठोकळ्याने आधी घालाव्यात. नंतर ५०, ६०, ६५, ७० आणि ९० हे आकडे घालून उत्तरे कागदावर ताडून पाहावीत.

गोणपाटावरचे कोंब मात्र आपल्यालाच मोजावे लागतील. ते काम ॲप करणार नाही. येत्या पेरणीपूर्वी मुलांना सोबत घेऊन दोन्ही कामे अवश्य करावीत.